सरासरीइतका पाऊस म्हणजे किती पाऊस?

२०२३चा पावसाळा संपला आणि देशाच्या पावसाचा आकडा आला : सरासरीच्या ९४ टक्के. ऐकणाऱ्याला वाटतं, सहाच टक्के कमी, फार काही बिघडलं नाही. तोच आकडा महिन्यामहिन्याने उलगडून पाहा. जूनमध्ये ९१ टक्के, जुलैत ११३, ऑगस्टमध्ये ६४ आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३. देशाच्या पावसाची महिनावार तुलना १९०१पासून करता येते, आणि तेव्हापासून इतका कोरडा ऑगस्ट दुसरा झालेला नाही.

त्या ऑगस्टमध्ये मी मराठवाड्यात, गावी होतो. सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगा धरायच्या बेतात होतं. दुपार झाली की पानं उलटी व्हायची, खालची पांढुरकी बाजू वर यायची आणि सगळं रान फिकट दिसायचं. संध्याकाळी झाडं सावरायची. पंधरवडा उलटला तशी ती संध्याकाळीही सावरेनाशी झाली. काळ्या रानाला भेगा पडल्या. भावाने एका भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. सप्टेंबरात पाऊस आला, चांगला आला, पण तोवर फुलं गळून गेली होती. हंगामाच्या बेरजेत मात्र सप्टेंबरचा प्रत्येक मिलिमीटर ऑगस्टच्या तुटीतून वजा होत राहिला आणि टक्केवारी दिवसेंदिवस सुधारत गेली.

हंगाम संपताना मराठवाड्याची तूट २० टक्क्यांच्या आत राहिली. हवामान विभागाच्या वर्गवारीत जिल्ह्याचा किंवा उपविभागाचा, म्हणजे मराठवाड्यासारख्या मोठ्या भागाचा, पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली असो की १९ टक्के वर, त्याला ‘सामान्य’च म्हणतात. उणे २० ते उणे ५९ म्हणजे तुटीचा, आणि उणे ६०च्या खाली मोठ्या तुटीचा. या हिशेबाने मराठवाड्याचा २०२३चा पावसाळा सामान्य ठरतो. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातल्या २४ तालुक्यांत तो गंभीर स्वरूपाचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत आणखी हजारावर महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटांत, दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. सामान्य पावसाळा आणि गंभीर दुष्काळ, दोन्ही एकाच वर्षी, एकाच मुलखात, आणि दोन्ही सरकारी कागदावर.

यात कुणी खोटं बोललं, असं मला म्हणायचं नाही. हवामान विभागाने आपल्या व्याख्येप्रमाणे बरोबर सांगितलं, महसूल खात्याने आपल्या निकषाप्रमाणे. माझं म्हणणं एवढंच आहे की पावसाबद्दल आपण जो एक आकडा दररोज ऐकतो, वाचतो, बैठकीत मांडतो आणि ज्याच्यावर भांडतो, त्या ‘सरासरीच्या इतके टक्के’ या आकड्याला त्याच्या ताकदीबाहेरचं काम आपण लावलं आहे. जिल्ह्याचं बरं चाललंय की वाईट, हे त्याने सांगावं अशी आपली अपेक्षा असते. ते त्याला येत नाही. जे आकडे ते सांगू शकतात, ते रोज मोजले जातात आणि फायलीत पडून राहतात.

आधी सरासरीची बाजू नीट मांडायला हवी, कारण तिची किंमत मला कमी करायची नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. भारतीय हवामान विभाग १८७५चा. तेव्हापासून वेधशाळांत आणि तहसील कचेऱ्यांच्या आवारात कुणीतरी रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतून आकडा लिहीत आलं आहे. पाच इंच तोंडाचा पत्र्याचा नळकांडा, आत बाटली, वर नरसाळं. साथी आल्या, दोन महायुद्धं झाली, राज्य बदललं, तरी अनेक ठिकाणी ही वही चालू राहिली. ज्यांनी ती चालू ठेवली त्या कारकुनांची, शिपायांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यामुळे आज आपण छातीठोकपणे सांगू शकतो की २०२३चा ऑगस्ट सव्वाशे वर्षांत सगळ्यांत कोरडा होता. माणसाच्या आठवणीवर हे सोडलं असतं तर कधीच कळलं नसतं. आठवण फार लबाड असते. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणचा पाऊस भरपूर आणि वेळेवर पडलेला आठवतो. प्रत्येक उन्हाळ्यात कुणीतरी म्हणतंच की असं ऊन जन्मात पाहिलं नाही. वही नसेल तर या बोलण्याला ना आधार, ना उत्तर.

तेव्हा सरासरी हवीच. पण ती कुठल्या वर्षांची, हे कुणी सांगत नाही. जागतिक हवामान संघटनेचा संकेत ३० वर्षांचा आहे आणि दर दशकाला तो कालखंड पुढे सरकतो; सध्या १९९१ ते २०२० चालू आहे. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी मात्र ५० वर्षांवर काढतात. १९५१ ते २००० धरून ती ८९ सेंटिमीटर होती. १९६१ ते २०१० धरल्यावर ८८ झाली. २०२२पासून १९७१ ते २०२० हा कालखंड आला आणि ती ८७ झाली. फरक लहान दिसतो, पण त्याचा अर्थ असा की तोच पाऊस आज पडला तर तो जुन्या मापापेक्षा दोनेक टक्क्यांनी ‘बरा’ ठरेल. पट्टी बदलली आणि ती मोजणाऱ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही.

तापमानात हे जास्त जपायला हवं. २०२४ हे देशाचं १९०१पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी जास्त. ही सरासरी १९९१ ते २०२०ची. म्हणजे आधीच तापलेल्या तीस वर्षांशी ही तुलना आहे. पुढच्या दशकात २००१ ते २०३० हा कालखंड आधाराला आला की २०२४चं तेच वर्ष कागदावर थोडं कमी उष्ण दिसेल. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करताना कमाल तापमान निदान ४० अंश असावं आणि सरासरीहून साडेचार अंशांनी चढलेलं असावं, असा नियम आहे. सरासरीच वर सरकत राहिली तर तोच उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला लाट म्हणवून घ्यायला दरवेळी जास्त तापावं लागेल. तापमान ४५ अंशांपर्यंत गेलं की तो आकडाच लाटेला पुरेसा मानतात, त्यामुळे तिथे निदान एक आडवी रेघ आहे. इतर निकषांतही अशी न हलणारी रेघ हवी. चाळीस अंशांत विटा वाहणाऱ्या बाईचं शरीर कुठल्या तीस वर्षांशी तुलना करायची हे ठरवून तापत नाही.

आता ‘कुठली सरासरी’ हा प्रश्न. हवामान विभागाच्या नकाशावर महाराष्ट्राचे चार भाग : कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वर येतं, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि सोलापूरही येतं. उपविभाग सोडा, एकटा सातारा जिल्हा घ्या. त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आणि पूर्वेला माण-खटाव, जिथे पाचशे मिलिमीटर पडले तर लोक समाधानी असतात. शंभर किलोमीटरच्या आत दहापटीचा फरक. अशा जिल्ह्याची सरासरी काढली तर ती कुठल्या गावची असेल? महाबळेश्वरची नाही, माणची तर नाहीच. घाटमाथ्यावर चार दिवस झोडपून पाऊस झाला की जिल्ह्याचा आकडा शंभरीपार जातो आणि दहिवडीकडचा माणूस रेडिओवर ऐकतो की साताऱ्यात समाधानकारक पाऊस झाला. कोयनेत पाणी आलं हे खरंच आहे, आणि ते राज्याला हवंच आहे. पण माणच्या बांधावर उभं राहून ती बातमी ऐकताना माणसाला काय वाटत असेल, याचा विचार आकडा काढणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी एकदा करावा.

शहरातही हेच. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७४च्या आसपास. दोन्ही मुंबईच. दोहोंची सरासरी काढली तर पाचशेच्या वर येते, आणि तेवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता.

सरासरीचा आणखी एक गुण शाळेत शिकवतात आणि नंतर सगळे विसरतात. समजा, एका गावात दहा वर्षांचा ऑक्टोबरचा पाऊस असा आहे : ०, ५, १०, १२, १५, २०, ३०, ४०, १६८, ३००. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. बेरीज ६००, सरासरी ६० मिलिमीटर. आता या दहा वर्षांपैकी किती वर्षी ६० किंवा त्याहून जास्त पाऊस झाला? फक्त दोन. आठ वर्षं तो सरासरीच्या खाली होता. मधलं माप काढलं, म्हणजे निम्मी वर्षं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, तर ते येतं साडेसतरा. या गावातल्या माणसाला ‘ऑक्टोबरची सरासरी ६०’ सांगणं म्हणजे दहा वर्षांपैकी आठ वर्षं त्याला फसवणं आहे. कोरडवाहू मुलखात पाऊस असाच वागतो, विशेषतः हंगामाच्या कडेच्या महिन्यांत. एखादं चक्रीवादळ, एखादा परतीचा तडाखा आकडा वर उचलून ठेवतो आणि उरलेली साधी वर्षं त्या आकड्याखाली तुटीची म्हणून दाखवली जातात. मग लोक म्हणतात, हल्ली सरासरी कधी गाठलीच जात नाही. पूर्वीही ती क्वचितच गाठली जात होती.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी अडचण महिन्याच्या बेरजेत आहे, कारण तिच्यात पाऊस कसा पडला हे पुसलं जातं. दीडशे मिलिमीटरचा जुलै दोन प्रकारे होऊ शकतो. बारा-तेरा दिवस दहा-बारा मिलिमीटरची भीज, मध्ये दोन-तीन दिवसांची उघडीप, कोळपणी करायला वाफसा. किंवा एका रात्रीत ९०, चार दिवसांनी ६०, आणि उरलेला महिना कोरडा. पहिल्या महिन्यात पाणी मुरतं, विहिरीचा झरा जिवंत होतो, पीक गुडघ्याला लागतं. दुसऱ्यात बांध फुटतो, वरची माती ओढ्याला जाते, आणि पंधरा दिवसांनी तेच रान पाणी मागतं. दोन्ही महिन्यांची टक्केवारी एकच. शेतकऱ्याला विचारा, तो दोन्हींना एका नावाने हाकच मारणार नाही. भीज, झड, सर, वळीव, भुरभुर, ढगफुटी असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत, कारण पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कसा पडला याने माणसांचं आयुष्य ठरत आलं.

आणि बदल नेमका तिथेच होतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातला मध्य भारतातला पाऊस तपासला. मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत गेली, असं त्यांना आढळलं. याचा सरळ अर्थ असा की बेरजेकडे पाहणाऱ्याला थोडीशी घट दिसेल आणि ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला काय झालं हे त्या बेरजेत सापडणारच नाही. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं. ते जमायला वेळ लागतो आणि पडताना ते एकदम पडतं. पावसातले मोठे खंड आणि मोठे तडाखे हे जोडीने येणार असतील, तर दोहोंना एकमेकांतून वजा करून उरलेला आकडा ‘सामान्य’ म्हणून वाचणं हे धोक्याचं आहे. हा लेख लिहायचं मुख्य कारण तेच आहे.

महिना हे एककसुद्धा पावसाला नीट बसत नाही. आपल्याकडे शेतीचा पाऊस नक्षत्रांवर मोजला गेला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असं म्हणणाऱ्याला ठाऊक होतं की त्या पंधरवड्यात रब्बीला ओल मिळाली पाहिजे, आधीची-नंतरची चालत नाही. नक्षत्रावरून पावसाचं भाकीत होतं असं मी मानत नाही, पंचांगात त्याचं वाहन बेडूक असलं काय आणि म्हैस असलं काय. पण पिकाच्या गरजेएवढ्या लहान मापाने पाऊस मोजायची ती सवय शहाणी होती. पंधरवड्याचा खंड त्या मापात लपत नाही. महिन्याच्या मापात तो सहज लपतो, अर्धा या महिन्यात आणि अर्धा पुढच्या.

२०२५ हे वर्ष तर या सगळ्या मापांची परीक्षा घ्यायलाच आलं होतं. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मेला पोचला, नोंदी आहेत तेव्हापासून सगळ्यांत लवकर. कुलाब्याला मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. राज्यभर मे भिजला. काढून ठेवलेला कांदा सडला, उन्हाळी पिकं आडवी झाली, मशागती राहिल्या. त्या महिन्याची टक्केवारी काढली तर ती शेकड्यांच्या पटीत जाते, कारण मे महिन्याची सरासरीच मुळात नगण्य. भागाकारात खालचा आकडा लहान असला की टक्के वाटेल तेवढे फुगतात आणि त्यातून कुणाला काही कळत नाही. पुढे मे संपताना पाऊस थबकला. जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. रानात मेची ओल होती, आकाश कोरडं होतं, आणि गावोगावी एकच प्रश्न होता : चाढ्यावर मूठ धरायची की नाही? कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला योग्यच होता. पण हंगामाची मोजणी १ जूनला शून्यापासून सुरू होते. मेमध्ये रानात मुरलेलं पाणी त्या हिशेबात नाही. जमिनीला तारीख कळत नाही, तिच्यात ते होतंच. त्या दिवसांत ‘जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के’ या आकड्याचा पेरणी करणाऱ्याला काडीचाही उपयोग नव्हता. त्याला हवा होता आपल्या रानातल्या ओलीचा अंदाज, आणि तो त्याने खुरप्याने उकरून, माती मुठीत दाबून घेतला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सीनेला महापूर, धाराशिव-बीडमध्ये जमिनी खरडून गेल्या, जनावरं दावणीला वाहून गेली. दोन वर्षांपूर्वी ज्या तालुक्यांत दुष्काळ होता त्यांतल्या काहींत होड्या फिरल्या. २०२३ आणि २०२५ची बेरीज करून दोनाने भागलं तर कदाचित छान सरासरी येईल.

आता भरपाईच्या निकषांकडे येतो, कारण आकड्याने खरा घाव तिथे बसतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका रात्री ओढा पात्र सोडून वाहिला. सकाळी पाहिलं तर भावाच्या दीड एकरातली माती गेली होती, खाली मुरूम उघडा पडला होता. मंडळाचं यंत्र आठ-नऊ किलोमीटरवर, एका इमारतीजवळ, बाजूला लिंबाचं झाड. त्यात नोंद झाली ६१. चार मिलिमीटरने अतिवृष्टी हुकली. पंचनामा व्हावा म्हणून भाऊ चार वेळा गेला, आणि प्रत्येक वेळी त्याला तो ६१चा आकडा दाखवण्यात आला. दाखवणारा माणूसही वाईट नव्हता, त्याच्या हातात दुसरं काही नव्हतंच. पर्जन्यमापकाच्या आसपासची आडकाठी तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, हा मोजणीचा जुना, साधा नियम आहे. पाला अडकला, पक्ष्यांची घाण पडली, कोळ्याने जाळं केलं तरी यंत्र कमी पाऊस दाखवतं. राज्यात स्वयंचलित यंत्रं आता दोन हजारांवर मंडळांत आहेत, ही मोठीच गोष्ट आहे, पूर्वी तालुक्याला एक नळकांडं असायचं. पण ज्या यंत्राच्या आकड्यावर शेकडो घरांची भरपाई अडते, ते यंत्र कुठे उभं आहे, शेवटचं साफ कधी झालं, हे त्या शेकडो घरांना पाहता आलं पाहिजे. त्याचा फोटो, त्याची जागा, त्याच्या दुरुस्तीची तारीख. यात गुपित काय आहे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. लोकांना सोपा आकडा हवा असतो, मंत्र्यांना एका ओळीचा अहवाल हवा असतो, बातमीत जागा नसते. सरासरीच्या टक्केवारीत निदान सगळ्यांना समजेल अशी एक गोष्ट आहे. ती काढून दहा आकडे दिले तर कुणीच वाचणार नाही. मला हे पटत नाही. क्रिकेटचा धावफलक वाचणारा माणूस धावा, गडी, षटकं, धावगती, उरलेले चेंडू हे एका नजरेत वाचतो. शेअर बाजाराचे आकडे तर रोज पानभर छापतात. पावसाचे चार आकडे वाचायला तो कंटाळेल असं समजणं हे वाचकाला कमी लेखणं आहे, आणि शेतकऱ्याला तर फारच.

चारच आकडे पुरेत. महिन्यात पाऊस किती पडला, हा पहिला, मिलिमीटरमध्ये. पावसाचे दिवस किती, हा दुसरा; अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस हवामान विभाग पावसाचा दिवस धरतोच, त्यामुळे नवं काही मोजायचं नाही. सगळ्यांत मोठा खंड किती दिवसांचा, हा तिसरा. आणि एका दिवसातला सगळ्यांत मोठा पाऊस किती, हा चौथा. सोबत सरासरी द्या, जरूर द्या, पण ती कुठल्या वर्षांची हे लिहा, आणि जमलं तर हा महिना गेल्या तीस वर्षांत कितव्या क्रमांकाचा आहे तेही. ‘तीस वर्षांतला चौथा कोरडा ऑगस्ट’ हे वाक्य ‘उणे ३८ टक्के’पेक्षा कुणालाही लवकर समजतं. आणि हे जिल्ह्याचं नको, मंडळाचं हवं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हवं, मराठीत हवं.

सरकारला ही भाषा परकी नाही, म्हणून तर आशा आहे. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पावसाच्या तुटीबरोबर खंडाचाही निकष आहे, आणि राज्याने ती संहिता २०१७मध्ये स्वीकारली. २०२३मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज निदान १० मिलिमीटर, असा त्याचा निकष. म्हणजे पाऊस कसा पडला याला महत्त्व आहे हे कागदावर मान्य झालेलं आहे. त्याच ऑगस्टात पीकविम्याच्या अग्रिमासाठी २१ दिवसांच्या खंडावरून जिल्ह्याजिल्ह्यांत केवढा वाद झाला हे आठवत असेल. खंड एकवीस दिवसांचा की एकोणीस, मध्ये पडलेल्या तीन मिलिमीटरने तो तुटला की नाही, यावर महिनाभर कागद फिरत होते. रोजचा आकडा रोज गावात लिहिला गेला असता, तर निदान तेवढा वाद वाचला असता. वाद झालाच असता तर दोन्ही बाजूंकडे वही असती.

आमच्या घरी अशी एक वही आहे. वडिलांनी सुरू केलेली, दोनशे पानी, शाळेच्या मुलांची असते तशी. प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक अंगणात खांबाला, छपरापासून लांब. तारीख, मिलिमीटर, शेरा, असे तीन रकाने. वडिलांचे शेरे दोन-तीन शब्दांचे. ‘भीज. मुरला.’ ‘जोराचा. वाहून गेला.’ ‘वारं फार, ज्वारी लोळली.’ ते गेल्यावर भाऊ लिहितो. सरासरी त्या वहीत कुठेच काढलेली नाही, कुणाला वेळ झाला नाही. २०२३च्या ऑगस्टचं पान मी परवा उघडून पाहिलं. बहुतेक ओळींवर नुसती आडवी रेघ. पान उलटलं की सप्टेंबर, आणि पहिल्या मोठ्या पावसासमोर भावाचं अक्षर : ‘चांगला झाला. सोयाबीनला उपयोग नाही. तुरीला आहे.’